गोळी आहे, विमा पैसे भरतो, मग हातात का पडत नाही? प्रेप आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया

निर्गुडी

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध म्हणजे प्रेप. अमेरिकेत याची पहिली गोळी, ट्रुवाडा, जुलै २०१२ मध्ये मंजूर झाली. आज तिच्या जेनेरिक गोळ्या मिळतात, डेस्कोवी नावाची दुसरी गोळी आहे, दर दोन महिन्यांनी घ्यायचं कॅबोटेग्राविर नावाचं इंजेक्शन आहे आणि जून २०२५ पासून सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं लेनाकापाविरही आहे. म्हणजे औषधांचा तुटवडा नाही.

आता आकडे बघा. ज्यांना प्रेपचा उपयोग होऊ शकतो अशा पुरुषांपैकी ४१ टक्के आणि स्त्रियांपैकी १५ टक्के लोकांना ते लिहून दिलं गेलं, असा सीडीसीचा (अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचा) २०२२ चा अंदाज आहे. कृष्णवर्णीयांमध्ये (स्त्री-पुरुष मिळून) हे प्रमाण १३ टक्के, गोऱ्यांमध्ये ९४. उलट बाजूला, एचआयव्हीचं नव्याने निदान होणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या कृष्णवर्णीय असतात. देशातल्या एकूण स्त्रियांमध्ये त्या साधारण १३ टक्के आहेत.

यावर 'जागृती नाही हो' असं म्हणून मोकळं होता येतं. जागृती कमी आहे हे खरंच. पण जिला माहीत आहे आणि जी दवाखान्यापर्यंत येते, तीसुद्धा गोळी न घेता परत जाते. त्याचं कारण दारात लावलेली चाळणी.

दवाखान्यातला फॉर्म असा असतो: गेल्या सहा महिन्यांत किती जोडीदार? सुईने नशा करता का? जोडीदाराला एचआयव्ही आहे का? एका पुरुषाबरोबर राहणारी बाई पहिल्याला 'एक', दुसऱ्याला 'नाही', तिसऱ्याला 'नाही' असं लिहिते. संगणक म्हणतो, धोका कमी. विषय संपला. पण तिचा धोका तिच्या वागण्यात नसतोच. जोडीदाराची तपासणी शेवटची कधी झाली, त्याचे आणखी कुठे संबंध आहेत का, ज्या वस्तीत जोड्या जुळतात तिथे उपचाराविना एचआयव्ही किती पसरलाय, यावर तो ठरतो. दोन बायकांची वागणूक हुबेहूब सारखी असली तरी एकीची गाठ विषाणूशी पडण्याची शक्यता कितीतरी जास्त असू शकते. आणि तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा 'माहीत नाही' असतं. फॉर्मवर त्यासाठी चौकटच नसते.

सीडीसीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही चाळणी कागदावर तरी काढून टाकली. लैंगिक संबंध असलेल्या प्रत्येक प्रौढाला आणि किशोरवयीनाला प्रेपची माहिती द्या, आणि जी व्यक्ती स्वतःहून मागेल तिने कारण सांगितलं नाही तरी तिला द्या, असं त्यात स्पष्ट आहे. फॉर्म मात्र जुनेच राहिले.

दुसरी गळती 'आज रक्त, पंधरा दिवसांनी गोळी' या पद्धतीत होते. दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा रजा, पुन्हा बस, पुन्हा मुलाला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न. खरं तर पहिल्याच दिवशी गोळी सुरू करता येते:

- एचआयव्हीची अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी प्रयोगशाळेत पाठवायची आणि बोटातून थेंब घेऊन झटपट तपासणी तिथेच करायची.
- गेल्या महिन्यात ताप, पुरळ, घसा दुखणं, गाठी असं काही झालं का हे विचारायचं. झालं असेल तर ती ताज्या लागणीची लक्षणं असू शकतात, म्हणून थांबायचं आणि रक्तात थेट विषाणू शोधणारी आरएनए तपासणी करायची.
- गेल्या ७२ तासांत लागणीची शक्यता असलेला संबंध आला असेल तर आधी २८ दिवसांचा पेप (संबंधानंतर लागण रोखायचं औषध) द्यायचा आणि तो संपला की मध्ये खंड न पाडता प्रेप.
- क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी), हिपॅटायटिस बी, सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया यांचे नमुने त्याच वेळी घ्यायचे.
- ३० गोळ्या हातात द्यायच्या, अहवाल आले की फोन करायचा, सगळं ठीक असेल तर पुढच्या ६० लिहून द्यायच्या.

यासाठी लागतो तो एकच पक्का फोन नंबर, ज्यावर मोकळेपणाने बोलता येईल असा. तो मिळाला नाही तर ही पद्धत कोसळते.

पिंपळपार

शंका. डेस्कोवीची गोळी लहान असते, मूत्रपिंडाला आणि हाडांनाही कमी त्रास देते म्हणतात. मग सगळ्यांना तीच का देत नाहीत? आणि पुरुषांमध्ये आधी २, नंतर १, मग १ अशा गरजेपुरत्या गोळ्या घेण्याची पद्धत आहे, ती बायकांना का चालत नाही?

शेवगा

@पिंपळपार, दोन्हीचं उत्तर एकाच जागी आहे: कोणावर तपासलं.

डेस्कोवी ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजूर झाली ती ज्या चाचणीच्या जोरावर, त्या चाचणीत पुरुषांशी संबंध असलेले पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया होत्या. जन्माने स्त्री असलेली एकही सहभागी नव्हती. त्यामुळे योनीमार्गे होणाऱ्या लागणीसाठी एफडीएने (अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने) परवानगीच दिली नाही. बायकांना वगळून चाचणी करायची आणि मग 'पुरावा नाही' म्हणून बायकांनाच औषध नाकारायचं, असा हा प्रकार.

पुढे दक्षिण आफ्रिका आणि युगांडात १६ ते २५ वयाच्या मुलींवर पर्पज-१ चाचणी झाली, तिचे निकाल २०२४ मध्ये आले. लेनाकापाविर घेणाऱ्या २,१३४ जणींमध्ये एकही लागण नाही. डेस्कोवीतलंच औषध घेणाऱ्या २,१३६ मध्ये ३९. ट्रुवाडातलं औषध घेणाऱ्या १,०६८ मध्ये १६. यावरून 'गोळ्या बायकांना लागू पडत नाहीत' असं म्हणू नका. त्या गटांत बहुतेकींच्या रक्तात औषधाची पातळी फारच कमी होती. गोळी पोटात गेलीच नाही तर काम कसं करणार? याआधी फेम-प्रेप आणि व्हॉइस या आफ्रिकेतल्या चाचण्यांचंही असंच झालं होतं, आणि तेव्हापासून 'बायकांत प्रेप चालत नाही' ही अफवा काही डॉक्टरांच्या डोक्यात घट्ट बसली आहे. पार्टनर्स प्रेप चाचणीत ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांना सुमारे ९० टक्के संरक्षण मिळालं. त्यात बायकाही होत्या.

दुसरा प्रश्न. या गोळीतलं टेनोफोविर हे औषध गुदमार्गाच्या ऊतींत पटकन साठतं, योनीच्या ऊतींत सावकाश आणि कमी साठतं. म्हणून २-१-१ बायकांसाठी नाही. सीडीसीच्या हिशेबात रोज एक गोळी घेतल्यावर योनीमार्गे संबंधांत पूर्ण संरक्षणाला सुमारे २१ दिवस लागतात, गुदमार्गे संबंधांत ७. हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं. त्या तीन आठवड्यांत कंडोम.

गर्भनिरोधक गोळ्या, रोपण किंवा इंजेक्शन यांच्याशी ट्रुवाडाचा झगडा नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही घेता येते. गरोदरपणात लागणीचा धोका वाढतो, म्हणून 'दिवस राहिले, आता बंद करा' हा सल्ला उलटा आहे.

गोळीवाला

काउंटरच्या या बाजूने बघितलं तर घोळ बहुतेक वेळा लिहून देतानाच होतो. डॉक्टर सवयीने 'ट्रुवाडा' लिहितात आणि 'बदलू नये' यावर खूण करतात. विमा कंपनी जेनेरिक शून्य डॉलरला देते, पण ब्रँडला नकार देते किंवा मोठी रक्कम दाखवते. पडद्यावर आकडा दिसतो, बाई म्हणते 'राहू द्या', आणि ती पुन्हा येत नाही. म्हणून चिठ्ठीवर लिहा: एम्ट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम, टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम, रोज एक, जेनेरिक चालेल. सोबत निदानाचा कोड झेड २९.८१. प्रेपसाठीचा हा स्वतंत्र कोड १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे. तो नसेल तर ही गोळी उपचारासाठी आहे की प्रतिबंधासाठी हे विमा कंपनीला कळत नाही, कारण औषध तेच.

जेनेरिक इतकं स्वस्त झालंय की विमा नसला तरी सवलतीच्या कूपनवर महिन्याच्या गोळ्या ३० डॉलरच्या आसपास किंवा त्याहून कमीत बसतात. दुकानागणिक भाव प्रचंड बदलतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी फोन करा. अवांतर: या जेनेरिक गोळ्यांच्या बऱ्याच बाटल्यांवर भारतीय कंपन्यांची नावं असतात.

आणखी एक. वस्तीतल्या लहान दुकानात ही गोळी ठेवलेलीच नसते. 'उद्या या' म्हणजे पुन्हा तीच दुसरी फेरी. दवाखान्याने आधी फोन करून साठा विचारावा, किंवा पहिल्या ३० गोळ्या स्वतःच द्याव्यात.

गोळाबेरीज

गोळीचे पैसे लागत नाहीत, बिल तपासण्यांचं येतं. यूएसपीएसटीएफने (प्रतिबंधक सेवांची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीने) जून २०१९ मध्ये प्रेपला 'ए' श्रेणी दिली, त्यामुळे परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या कायद्याखाली खासगी विम्याला ते विनाशुल्क द्यावं लागतं. जुलै २०२१ च्या सरकारी खुलाशात स्पष्ट केलं की भेटी आणि रक्ततपासण्याही विनाशुल्क. २०२३ मध्ये त्या शिफारशीत इंजेक्शन आलं. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या विनाशुल्क तरतुदीला आव्हान देणाऱ्या ब्रेडवुड खटल्याचा निकाल ६ विरुद्ध ३ असा लागला आणि ही तरतूद वाचली.

तरी ३००-४०० डॉलरचं बिल का येतं? कारण प्रयोगशाळेने ते 'निदानासाठीची तपासणी' म्हणून पाठवलं. दुरुस्ती अशी: आधी दवाखान्याला फोन, विम्याला नाही. 'झेड २९.८१ हा कोड आणि प्रतिबंधक सेवेची खूण म्हणजे मॉडिफायर ३३ लावून बिल पुन्हा पाठवा' असं सांगायचं. ते पाठवलं तरी नकार आला तर विम्याकडे लेखी अपील. तरीही नाही झालं तर विमा कोणाचा आहे ते बघायचं: विमा कंपनीकडून घेतलेला विमा असेल तर राज्याचं विमा खातं, मालक कंपनी स्वतःच्या पैशातून चालवत असेल तर केंद्राचं कामगार खातं. तोवर बिल भरू नका. परतावा मिळवणं बिल रद्द करून घेण्यापेक्षा कितीतरी कठीण.

काही योजनांना हा नियम लागूच नाही: २०१० आधीच्या जुन्या चालू योजना, अल्पमुदतीचा विमा, धार्मिक खर्चवाटप मंडळं. विमा निवडतानाच बघा.

कोथिंबीर

निर्गुडी यांनी फोन नंबरचं लिहिलंय, पण त्याहून मोठी अडचण टपालाची आहे. २६ वर्षांपर्यंतच्या मुली आईवडिलांच्या विम्यावर असतात. काय तपासलं, काय दिलं याचं विवरणपत्र विमाधारकाच्या नावाने घरी येतं. नवऱ्याच्या विम्यावर असलेल्या बाईचंही तेच. मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाती ते पडलं तर काय होईल हे सांगायला नको.

उपाय आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. विमा कंपनीकडे 'गोपनीय संपर्काची विनंती' नावाचा अर्ज असतो. पत्ता, ईमेल किंवा पोर्टल वेगळं नोंदवता येतं. उघड झाल्याने जिवाला धोका होऊ शकतो असं लिहिलं तर हिपा या आरोग्य-गोपनीयतेच्या कायद्याखाली कंपनीला ते मानावं लागतं. हा अर्ज पहिल्या भेटीच्या आधी जायला हवा. विवरणपत्र निघून गेल्यावर काही उपयोग नाही. ते जमत नसेल तर 'टायटल टेन' या केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या कुटुंबनियोजन केंद्रात जाणं बरं, तिथे गोपनीयतेचे नियम कडक आहेत आणि शुल्क उत्पन्नाप्रमाणे.

घरात बाटली ठेवणंच धोक्याचं असेल तर गोळीचा हट्ट धरू नये, सरळ इंजेक्शन सुचवावं.

सुईदोरा

इंजेक्शनाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक गडबडतात.

कॅबोटेग्राविर: ६०० मिलिग्रॅम, ३ मिलिलिटर, कुल्ल्याच्या स्नायूत. पहिलं, मग महिन्याने दुसरं, मग दर दोन महिन्यांनी. ठरलेल्या तारखेच्या ७ दिवस आधी किंवा नंतर चालतं. आफ्रिकेतल्या ३,२२४ स्त्रियांवरच्या चाचणीत रोजच्या गोळीच्या तुलनेत लागण सुमारे ८८ टक्क्यांनी कमी झाली. नेहमीची सुई दीड इंची. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या वर असेल तर लांब सुई घ्या. औषध स्नायूत न जाता चरबीत राहिलं तर ते हवं तसं शोषलं जात नाही. पेटीत आलेली सुई तीच सगळ्यांना टोचायची, ही चूक सर्रास होते. मागच्या सुईला तीन महिन्यांहून जास्त झाले असतील तर पुन्हा महिन्याच्या अंतराने दोन. प्रवासामुळे तारीख चुकणार असेल तर मधल्या काळासाठी गोळ्या आधीच द्या.

लेनाकापाविर: त्वचेखाली, पोटावर किंवा मांडीवर, दीड-दीड मिलिलिटरच्या दोन सुया. पोटावर देताना बेंबीपासून ५ सेंटिमीटर लांब, दोन टोचण्यांत १० सेंटिमीटर अंतर. त्याच दिवशी ३०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. या दुसऱ्या दिवशीच्या गोळ्याच हमखास विसरल्या जातात. त्या लहान पाकिटात भरून, वर वार लिहून हातात द्या आणि सकाळी मेसेज करा. नंतर दर २६ आठवड्यांनी, दोन आठवडे मागेपुढे. टोचल्या जागी गाठ येते, ती कित्येक महिने हाताला लागते. आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून दुसऱ्या वेळी येत नाही.

दोन्हींचा अंश शरीरात वर्षभर किंवा जास्त रेंगाळतो. सुया बंद करून नुसतं सोडून दिलं आणि त्या काळात लागण झाली तर विषाणू औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. म्हणून थांबवायचं असेल तर पुढची सुई चुकायच्या आतच गोळ्या सुरू. क्षयाचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर कॅबोटेग्राविर देऊच नये, आणि लेनाकापाविर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय नको.

दवाखाने इंजेक्शन का ठेवत नाहीत? लेनाकापाविरची छापील किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर. दवाखान्याने आधी विकत घेऊन मागून बिल करायचं म्हटलं तर एका रुग्णामागे चौदा हजार अडकले. लहान केंद्राला ते झेपत नाही. मग औषध खास फार्मसीकडून रुग्णाच्या नावाने मागवतात, त्यात पूर्वपरवानगी आणि कुरिअर मिळून तीन-चार आठवडे सहज जातात. त्या मधल्या काळात गोळ्या द्या. वाट बघत ठेवू नका.

पिंपळपार

चौदा हजार! हेच औषध आपल्याकडे बनणार आहे ना?

गोळीवाला

@पिंपळपार, हो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना परवाने मिळाले, त्यात पुण्याची एमक्युअर आहे, डॉ. रेड्डीज आणि हेटेरोही आहेत. १२० देशांसाठी. २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलर असा भाव जाहीर झालाय. अमेरिका त्या यादीत नाही. म्हणजे ज्या आफ्रिकी मुलींवर चाचणी झाली त्यांना ते ४० डॉलरमध्ये मिळू शकेल, आणि मिसिसिपीतल्या विमा नसलेल्या बाईसाठी छापील किंमत तीच अठ्ठावीस हजार. तिच्यासाठी कंपनीची मोफत औषध योजना आहे, पण अर्ज भरून द्यायला दवाखान्यात माणूस हवा.

रानजाई

वर कोणी अमेरिकेच्या दक्षिणेचं नीट लिहिलं नाही. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना, टेनेसी या राज्यांनी मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) जास्त लोकांपर्यंत वाढवलेलं नाही. लहान मुलं नसलेल्या गरीब प्रौढ बाईला तिथे मेडिकेड जवळजवळ मिळतच नाही. आणि कृष्णवर्णीय लोकसंख्या सगळ्यात जास्त याच पट्ट्यात. तिथे रस्ता एकच: उत्पन्नानुसार शुल्क घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं. या केंद्रांना ३४०बी या केंद्राच्या सवलत योजनेत औषध स्वस्त मिळतं आणि त्या फरकातून ती तपासण्यांचा खर्च भागवतात.

विश्वासाबद्दल. अविश्वास म्हटलं की लोक लगेच टस्कीगी काढतात. १९३२ ते १९७२, अलाबामा, सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं. ते खरंच. पण सारखं टस्कीगी टस्कीगी करून आपण दोष इतिहासावर ढकलतो. मागच्या आठवड्यात डॉक्टरने दुखणं ऐकून घेतलं नाही, हे बाईच्या जास्त लक्षात असतं. 'तुम्हाला धोका आहे' असं एकट्या कृष्णवर्णीय बाईला म्हटलं तर तिला ते शिवीसारखं लागतं, आणि लागणारच.

म्हणून काम बाहेरून सुरू केलेलं टिकतं. अटलांटात डॅझन डिक्सन डियालो यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली सिस्टरलव्ह कृष्णवर्णीय बायकांनीच चालवलेली आहे. मैत्रिणींच्या बैठकीत मोकळ्या गप्पा, कंडोमची प्रात्यक्षिकं, असं त्यांचं काम. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठाच्या नर्सिंग विभागाने केशकर्तनालयांतून प्रेपची माहिती देण्याचा 'अपडूज' नावाचा उपक्रम केला. वेण्या घालायला चार-पाच तास लागतात. तेवढा वेळ कोणता डॉक्टर देणार? पण केस विंचरणाऱ्या बाईला नुसतं पत्रक देऊन पाठवू नका. तिला प्रशिक्षण हवं, मानधन हवं आणि 'आता कुठे जाऊ' असं विचारल्यावर सांगायला एक नाव, एक नंबर हवा. तो नंबर उचलला गेला नाही तर पुढच्या वेळी ती शब्दही काढणार नाही.

शेवगा

९४ टक्क्यांच्या आकड्याबद्दल एक खुस्पट. 'ज्यांना उपयोग होऊ शकतो' हा छेद अंदाजाने काढलेला असतो, तोही बराचसा जुन्या जोखीम-निकषांवर. कृष्णवर्णीय बायकांची खरी गरज त्या छेदात कमीच मोजली गेली असणार. आकडा वापरा, पण दशांशावर भांडू नका.

मूत्रपिंडाचा हिशेबही सांगतो, कारण त्यावरून उगीच नकार मिळतो. ट्रुवाडासाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स ६० किंवा जास्त हवा. वय ३०, वजन ७० किलो, क्रिएटिनिन ०.८ असेल तर: १४० वजा ३०, गुणिले ७०, भागिले (७२ गुणिले ०.८), आलेल्या आकड्याला स्त्रियांसाठी ०.८५ ने गुणा. सुमारे ११४ येतात. यात वंशाचा गुणक नाही. पन्नाशीच्या आत आणि ९० च्या वर असेल तर वर्षातून एकदा तपासणं पुरतं. एचआयव्ही मात्र दर तीन महिन्यांनी. आणि हिपॅटायटिस बी असेल तर गोळी अचानक बंद करायची नाही, यकृताचा आजार उफाळतो.

पिंपळपार

@निर्गुडी, मग त्या फॉर्मच्या जागी काय ठेवायचं? डॉक्टरकडे पंधरा मिनिटं असतात.

निर्गुडी

फॉर्ममधले तिन्ही प्रश्न काढा. स्त्रीरोग आणि कुटुंबनियोजनाच्या प्रत्येक भेटीत, गर्भनिरोधकाचा विषय निघाला की, त्याच श्वासात हे वाक्य: 'आम्ही इथे येणाऱ्या सगळ्यांना सांगतो, एचआयव्ही टाळायला एक गोळी आणि दोन प्रकारची इंजेक्शनं आहेत. आज सुरू करायचंय, घरी वाचायला माहिती हवी आहे, की नको आहे?' तीन पर्याय, तिन्ही सारख्याच सुरात. 'सगळ्यांना' हा शब्द गाळायचा नाही, आणि खरोखर सगळ्यांनाच सांगायचं. बाहेर बसलेल्या गोऱ्या बाईला सांगितलं नाही तर ते कळतं.

बाई 'घरी वाचते' म्हणाली तर नोंदीत 'नकार' लिहू नका. 'विचार करतेय' असं लिहा आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. गर्भनिरोधासाठी डेपोचं इंजेक्शन घेणारी असेल तर ती तीन महिन्यांनी येणारच आहे. प्रेपची एचआयव्ही तपासणीही तीन महिन्यांनीच. दोन्ही तारखा एकाच दिवशी बसवा, म्हणजे एक रजा, एक बस.